वॉटसनचे हॉटेल, मुळशीचे पाणी

मुंबईत काळा घोडा भागात महात्मा गांधी रस्त्याच्या कडेला एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. तिच्या दुर्दशेचा विषय निघाला की काळाला आणि हवेला दोष देऊन लोक मोकळे होतात. दीडशे वर्षांचे बांधकाम, समुद्राची खारी हवा, वर्षातले चार महिने झोडपणारा पाऊस आणि सगळा सांगाडा लोखंडाचा, मग गंजणार नाही तर काय, असा एकूण सूर असतो. ही इमारत म्हणजे एके काळचे वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली आणि अजून टिकून राहिलेली भारतातली सर्वांत जुनी इमारत म्हणून ती ओळखली जाते. पण काळाला दोष देणारे स्पष्टीकरण त्याच परिसरात खोटे ठरते. उच्च न्यायालय, विद्यापीठाचे सभागृह, राजाबाई टॉवर आणि डेव्हिड ससून ग्रंथालय ही सगळी त्याच काळातली बांधकामे आहेत. तेच खारे वारे आणि तोच पाऊस त्यांनीही सोसला, आणि ती वापरात आहेत. तेव्हा वॉटसनच्या हॉटेलचे जे झाले त्याचे कारण हवामानात नाही, माणसांनी घेतलेल्या आणि न घेतलेल्या निर्णयांत शोधले पाहिजे. ते शोधताना या इमारतीशेजारी एक दुसरी घटना ठेवून पाहावी लागते. ती मुंबईपासून दूर, पुणे जिल्ह्यात मुळशीच्या खोऱ्यात, १९२०च्या दशकात घडली. त्या खोऱ्यात सरकारने सार्वजनिक हिताच्या नावाखाली काही वर्षांत पन्नासच्या आसपास गावांची जमीन घेतली. त्याच सरकारच्या वारसांना काळा घोड्याची एक इमारत अनेक दशकांत ताब्यात घेता आली नाही. कायद्याची ताकद दोन्ही ठिकाणी होती. ती कशासाठी वापरायची हे मात्र दोन्ही ठिकाणी निराळे ठरले.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हुकमाने कोटाचे तट पाडले जात होते तो हाच काळ. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून सोन्याच्या भावाने जात होता. तटाबाहेरचे मोकळे मैदान, म्हणजे एस्प्लनेड, सरकारने भूखंड पाडून लिलावात काढले. इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यातून आलेला जॉन हडसन वॉटसन मुंबईत कापडाचा धंदा करत होता. १८६४च्या ऑगस्टमध्ये त्याने तिथली जागा घेतली. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि बॅक बेची जमीन समुद्रातून वर काढायला निघालेल्या कंपन्याही त्याबरोबर गेल्या. प्रेमचंद रायचंदसारखा धनाढ्य त्या वावटळीत उघडा पडला. वॉटसनने मात्र बेत सोडला नाही. दुकान आणि कचेरी यांच्यासाठी घेतलेल्या जागेवर त्याने हॉटेल बांधायला घेतले. १८६७ ते १८६९ दरम्यान सांगाडा उभा राहिला आणि १८७१ साली हॉटेल सुरू झाले. तेव्हा मरीन ड्राइव्हचा पत्ता नव्हता. समोर मैदान होते आणि त्याच्यापलीकडे बॅक बेचा समुद्र. बोटीतून उतरलेल्या युरोपीय प्रवाशाला त्या वाऱ्याच्या बाजूला रुंद सज्जे असलेली खोली मिळे, आणि अशा खोल्या सुमारे १३० होत्या.

या इमारतीचे खरे मोल तिच्या बांधणीत आहे, आणि उपेक्षेच्या चर्चेत नेमके तेच सर्वांत कमी बोलले जाते. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचे विशाल लोखंडी छत उभे करण्यातही त्याचा हात होता, आणि क्रिस्टल पॅलेसच्या कामात तो तयार झाला होता. खांब, तुळया आणि सज्जांचे कठडे इंग्लंडमध्ये ओतून आणि घडवून जहाजाने मुंबईला आले. सुएझ कालवा तेव्हा वाहतुकीला खुला व्हायचा होता. इथे आल्यावर ते सुटे भाग जोडून सांगाडा उभा केला गेला आणि मधल्या जागा विटांनी भरल्या. त्या भिंती मजल्यांचा भार घेत नाहीत, सगळे ओझे खांब आणि तुळया पेलतात. आज कोणत्याही शहरात उंच इमारत बांधली जाते ती याच तत्त्वावर, फक्त बिडाच्या आणि घडीव लोखंडाच्या जागी पोलाद आणि काँक्रीट आले आहे. गगनचुंबी इमारतींची जन्मकथा सांगताना शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीचे नाव घेतले जाते. ती १८८५च्या सुमाराची. वॉटसनचे हॉटेल तिच्याआधी दीड दशक उभे राहिले. त्यावरून मुंबईने शिकागोला शिकवले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण हे तंत्र तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्समध्ये अनेकांच्या हातांत घडत होते. पण त्या घडणीची एक अस्सल, संपूर्ण, माणसांच्या वस्तीसाठी बांधलेली साक्ष आपल्याकडे उरली आहे, आणि हे तंत्र जिथून आले तिथेही अशी उदाहरणे मोजकीच आहेत. बांधकामाचा इतिहास शिकणाऱ्याला ही इमारत म्हणजे उघडे ठेवलेले पाठ्यपुस्तक आहे.

हॉटेल म्हणून तिची भरभराट तीन दशके टिकली. १८९६च्या आरंभी मार्क ट्वेन इथे उतरला आणि खिडकीतल्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात मनसोक्त लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने याच हॉटेलात चलच्चित्रांचे खेळ केले. तिकीट एक रुपया होते. भारतात सिनेमा प्रथम पडद्यावर आला तो इथे. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे चार आण्यांपासून तिकिटे ठेवली गेली आणि हिंदी प्रेक्षक मोठ्या संख्येने येऊ लागला. मुंबईतल्या त्या ल्युमिए खेळांनी भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, आणि केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे दृश्यही फितीवर उतरवले. मराठी माणसाच्या हातात सिनेमाचा कॅमेरा आला त्या कथेचा पहिला धागा या हॉटेलाशी जोडलेला आहे. हे ठळकपणे सांगावे लागते, कारण ही वास्तू म्हणजे परक्यांचा परक्यांशी चाललेला व्यवहार, अशीच तिची आठवण आपल्याकडे उरली आहे.

या समजुतीमागे एक प्रसिद्ध गोष्ट आहे. जमशेटजी टाटा वॉटसनमध्ये गेले, हिंदी माणूस म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून त्यांनी ताज उभारले, अशी ती गोष्ट. इतिहासकारांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. मुंबईला साजेल असे उत्तम हॉटेल नाही ही तक्रार त्या काळात सर्वत्र होती, आणि व्यापारी दूरदृष्टीच्या माणसाला ताज बांधायला तेवढे कारण पुरेसे होते. पण गोष्ट इतकी गोड आहे की तिने वॉटसनची जागा कायमची ठरवून टाकली. ताजच्या कथेत पराभूत होण्यापुरतेच वॉटसन उरले. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. तिथे विजेचे दिवे आणि विजेवर चालणाऱ्या लिफ्ट होत्या. लोखंडी सांगाड्याचे जुने हॉटेल एकाएकी शिळे वाटू लागले, गिऱ्हाईक सरकले, आणि पुढच्या दशकांत इमारतीने मालक बदलले, नाव बदलले. आधी महेंद्र मॅन्शन, मग एस्प्लनेड मॅन्शन. प्रवाशांच्या खोल्यांत लाकडी फळ्या ठोकून कचेऱ्यांचे कप्पे झाले. न्यायालये जवळ असल्यामुळे वकील आले, त्यांच्यामागे टंकलेखक, झेरॉक्सवाले, छोटे दुकानदार, काही कुटुंबेही आली.

जे विजेचे दिवे ताजमध्ये आधी लागले त्यांची मागणी लवकरच गिरण्यांनी, ट्रामने आणि रेल्वेने सुरू केली. ती पुरवण्यासाठी टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीचा उतार वापरायचे ठरवले. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, ते नळांतून पश्चिमेला कोकणात सोडायचे आणि त्या पडीवर वीज करायची, ही योजना जमशेटजींच्या हयातीतली होती. त्यांच्या मागे त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ती पुरी केली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली चालू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसरी योजना निळा आणि मुळा यांच्या संगमावर मुळशीला धरण बांधायची होती, आणि त्यासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. धरणाखाली जाणारी जमीन आंबेमोहोर भाताची होती आणि ती कसणारे मावळे होते. त्यांच्या शेतांत त्यांना न विचारता चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रहाला आरंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते, आणि याच लढ्याने बापटांना सेनापती ही पदवी कायमची दिली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी अभ्यास करून तो जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचे मांडले, आणि त्यातली एक कठोर गोष्टही नोंदवली. खोऱ्यातली पुष्कळ जमीन पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडलेली होती. मोबदल्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यांचे आणि कसणाऱ्यांचे हित एक राहिले नाही. सत्याग्रहाचे बळ ओसरले, बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, आणि १९२४ साली कामगारांची रेल्वेगाडी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे वीज तयार होऊ लागली.

मुळशीत वापरला गेलेला कायदा १८९४चा भूमिसंपादन कायदा. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तरतूद होती, काम लोकोपयोगी आहे असे सरकारचे समाधान झाले की पुरे. अकरा हजारांच्या घरातली माणसे, त्यांची देवळे, खाचरे, घरे, पिढ्यांची वहिवाट, यांतले काहीही त्या समाधानाच्या आड येऊ शकले नाही. लढा झाला, वर्तमानपत्रांत वाद झाला, कायदेमंडळात प्रश्न विचारले गेले, आणि तरीही संपादन पुरे झाले. सरकारला खाजगी मालकीत हात घालताच येत नाही, हे म्हणणे मुळशीच्या संदर्भात हास्यास्पद ठरते. सरकारने ठरवले तेव्हा हात घातला, आणि तोही ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण होता त्यांच्या मालकीत.

आता पुन्हा काळा घोड्याकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत १९४७चा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला आणि जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीला बांधली गेली. महायुद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या लोंढ्यात, गिरणी कामगाराला आणि कारकुनाला या कायद्याने छप्पर दिले, ही त्याची थोर बाजू कोणी नाकारू नये. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे राहिला. १९९७च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोठवलेले प्रमाण भाडे एके काळी न्याय्य असले तरी काळाच्या ओघात ते अवाजवी झाले आहे. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघत नाही म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि जागा आपल्या मालकीची नाही म्हणून भाडेकरू करत नाही. तो आपल्या कप्प्यापुरते पाहतो. पोटमाळा चढवतो, स्वच्छतागृह काढतो, एअर कंडिशनरचे पाणी सज्जावर सोडतो. एस्प्लनेड मॅन्शनसारख्या सांगाड्याला हे जास्त घातक, कारण तिथला प्रत्येक सांधा दुसऱ्या सांध्याच्या भरवशावर उभा असतो. बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. सांध्यात पाणी मुरून गंज चढला आणि ओझे वाकडे पडू लागले की ते इशारा न देता तडकते. अशा इमारतीची निगा तुकड्यातुकड्याने राखता येत नाही. तिला एकच धनी लागतो, आणि तिचे धनीपण शंभर हातांत वाटले गेले होते.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. १९६९ साली मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन झाले आणि शहरातल्या एकोणीस हजारांहून अधिक इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. पुढे १९७६च्या कायद्याने हे काम म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आले. उपकर जमा होत राहिला, पण इतक्या इमारतींत तो वाटायचा म्हणजे कोसळू पाहणारी गॅलरी टेकूवर धरण्यापुरता. १९८६ साली मात्र विधिमंडळाने एक धाडसी पाऊल टाकले. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालून त्याने असे ठरवले की इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने ती इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी. मालकाला मोबदला किती, तर मासिक भाड्याच्या शंभरपट. ज्या भाड्याने इमारत उपाशी मारली त्याच भाड्याच्या हिशेबाने तिची किंमत ठरवणे अन्यायाचे होते, आणि मालक न्यायालयात गेले. डिसेंबर १९९१मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडून आणखी मोठ्या खंडपीठाकडे सरकत राहिले. राज्यघटनेच्या ३९(ब) अनुच्छेदातल्या समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीत प्रत्येक खाजगी मालमत्ता येते का, हा त्यातला मूळ प्रश्न. नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने सरसकट ‘येत नाही’ असे उत्तर दिले ते ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. मुळशीत जमीन आधी गेली आणि तक्रार मागून ऐकली गेली. मुंबईत प्रश्नच तीस वर्षांहून अधिक काळ टांगणीवर राहिला.

हा खटला चालू असताना इमारत थांबून राहणार नव्हती. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम केले आणि एस्प्लनेड मॅन्शनला दोन-अ दर्जा दिला. या दर्जाने इमारतीत मनमानी बदल करण्यास बंदी आली, पण ती राखण्याचा खर्च कोणी द्यायचा याबद्दल तो मुका आहे. संरक्षण म्हणजे फक्त मनाई, एवढाच अर्थ आपल्या वारसा नियमांनी घेतला. इटालियन वास्तुरचनाकार रेंझो पियानो यांच्या पुढाकाराने जून २००५मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हिचे नाव घातले. लगेच पुढच्या महिन्यात दर्शनी सज्जांचा भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. २०१८ साली पुन्हा सज्जाचा भाग पडला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंचा हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही इमारतही आली. २०१९ साली आयआयटी मुंबईच्या तपासणीत ती धोकादायक ठरली आणि पाडण्याची शिफारस पुढे आली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने रहिवासी बाहेर पडले. संवर्धनतज्ज्ञांनी पाडण्याला विरोध केला, आणि न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. जागतिक वारशात घेतलेल्या क्षेत्रातली इमारत वर्षभराच्या आत पाडायची शिफारस व्हावी, यापेक्षा दुर्लक्षाचा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो मराठी वाचकाच्या मनात आपोआप उठणारा. जिथे आपल्याला दाराशी उभे करत नव्हते त्या गोऱ्या साहेबांच्या हॉटेलासाठी आपण का हळहळावे? आक्षेप पोकळ नाही. वर्णभेद खरा होता. मार्क ट्वेनने मुंबईच्या हॉटेलात पाऊल ठेवल्यावर जे पाहिले त्यात एका गोऱ्या कर्मचाऱ्याने हिंदी नोकराच्या मुस्काटात मारलेली चपराक होती, आणि तिने त्याला आपल्या लहानपणच्या अमेरिकेतली गुलामगिरी आठवली. असल्या आठवणीवर पांघरूण घालून वास्तू जपणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण नोकराला पडलेली चपराक पुसायची असेल तर इमारत पाडून ती पुसली जात नाही, फक्त तिचा पत्ता हरवतो. शिवाय हॉटेल म्हणून इमारत जितकी वर्षे चालली त्याहून अधिक काळ ती इथल्या माणसांनी वापरली. इथे वकिलांनी दावे लिहिले, कारकुनांनी टंकलेखन केले, दुकानदारांनी संसार चालवले. उच्च न्यायालय वसाहतवादी राजवटीने बांधले, लोकमान्यांना तिथेच शिक्षा सुनावली गेली, आणि आज तिथल्या भिंतीवर टिळकांचे शब्द कोरलेले आहेत. वास्तू ताब्यात घेऊन तिचा अर्थ बदलण्याचा हा मार्ग एस्प्लनेड मॅन्शनलाही खुला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. म्हणतात, इतका खर्च कोण करणार, आणि मोडकळीला आलेला लोखंडी सांगाडा सावरणे शक्य तरी आहे का? त्याचे उत्तर शहरातच आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकविसाव्या शतकाच्या आरंभी महापालिका, एक खाजगी प्रतिष्ठान आणि इन्टॅक ही वारसा संस्था यांनी मिळून पुनरुज्जीवित केले आणि त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्या संग्रहालयातही ओतीव लोखंडाचे खांब आहेत. वर्षानुवर्षे बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा उघडले. ते खाजगी मालकीचे आहे. म्हणजे कारागीर आहेत, अभियंते आहेत, वेळ पडली तर पैसाही उभा राहतो. या दोन्ही वास्तूंत आणि एस्प्लनेड मॅन्शनमध्ये फरक एकच. तिथे निर्णय घेणारा मालक एक होता, इथे निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडेच पुरता नाही. प्रश्न तंत्राचा नाही आणि प्रामुख्याने पैशाचाही नाही. तो अधिकाराचा आहे, आणि तो गोळा करण्याची शक्ती फक्त सरकारकडे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. मुळशीचे उदाहरण देऊन इथे सक्तीच्या संपादनाची मागणी करणे म्हणजे एका अन्यायाच्या आधारे दुसरा अन्याय मागणे नव्हे काय? मुळशीच्या माणसांनी सक्तीला विरोध केला, त्यांचे नाव घेऊन सक्तीचे समर्थन कसे करता येईल? म्हणून अर्थ नीट सांगितला पाहिजे. मुळशीचा अन्याय संपादन झाले एवढ्यातच नव्हता. विचारल्याशिवाय चर खणले गेले, कसणाऱ्याला बाजूला सारून कागदावरच्या मालकाशी हिशेब झाला, आणि फायदा दूरच्या शहराला मिळून तोटा खोऱ्याला झाला, तिथे तो अन्याय होता. त्या लढ्याने विचारलेले प्रश्न, म्हणजे हित कोणाचे, किंमत कोणी ठरवायची आणि तिथे राहणाऱ्याचे काय, हे आज कायद्याच्या भाषेत आले आहेत. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूमिसंपादन कायद्याने १८९४चा कायदा मोडीत काढला आणि बाजारभावावर आधारित मोबदला, सामाजिक परिणामांची तपासणी आणि पुनर्वसन बंधनकारक केले. त्या चौकटीत एस्प्लनेड मॅन्शनचे संपादन केले तर मालकाला शंभर महिन्यांच्या गोठलेल्या भाड्याऐवजी खरी किंमत मिळेल. २०१९ साली बाहेर पडलेल्या भाडेकरूंना न्यायालयांच्या परिसरातच पर्यायी जागा देता येईल. वास्तू सार्वजनिक ट्रस्टकडे जाईल, आणि दुरुस्तीनंतर तळमजल्यावर कचेऱ्या, दुकाने ठेवून वरच्या मजल्यांवर बांधकामाच्या आणि सिनेमाच्या इतिहासाचे केंद्र चालवता येईल. नोव्हेंबर २०२४च्या निकालाने सरसकट संपादनाचा मार्ग अरुंद केला, हे खरे. विशिष्ट कारणासाठी, योग्य मोबदला देऊन, एका वास्तूचे संपादन करण्यास त्याने मनाई केलेली नाही. या इमारतीच्या बाबतीत असे कारण सिद्ध करणे अवघड नाही. तिचा दर्जा सरकारच्याच यादीत आहे, तिचा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे, तिच्यामुळे एक माणूस मेला आहे, आणि तिला वाचवता येते हे तज्ज्ञांनी न्यायालयाला सांगितले आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गरजेसाठी सरकारने पुणे जिल्ह्यातले एक खोरे पाण्याखाली घातले. तेव्हा किती पैसा लागेल, किती माणसे हलवावी लागतील, किती वर्षे खटले चालतील, यांतल्या कशानेही त्याचा हात आखडला नाही. भिऱ्याची वीज मुंबईला जात राहिली आणि तिच्यावर शहर वाढले. त्या शहराचे सरकार आता आपलेच आहे, पण एक लोखंडी इमारत ताब्यात घेण्याचा प्रश्न आला की ते मालकी, भाडेकरू आणि न्यायप्रविष्ट बाब यांची नावे सांगते. संपादनाची अधिसूचना काढण्यासाठी लागणारे कायदे, अहवाल आणि तज्ज्ञमते सगळी मंत्रालयाच्या कपाटात आहेत. काळा घोड्याहून मंत्रालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.